दुकान नसलेल्या देशाची भाषा

बेदाण्याचा हंगाम संपला की आमची शेड रिकामी होते. जाळ्या गुंडाळून ठेवलेल्या असतात आणि कडेचं हिरवं कापड वाऱ्यावर नुसतं फडफडत राहतं. बारावीच्या वर्षी मी तिथं जाऊन स्पॅनिश बोलायचे. घरात बोलणं शक्य नव्हतं. आमच्या घरात कुणी दार लावलं की दुसरं कुणीतरी ते उघडून आत काय चाललंय ते बघतं.

शाळा सांगलीची, इंग्रजी माध्यमाची. तिथल्या स्पॅनिशच्या बाईंनी मला एका परदेशी बोर्डाच्या वरच्या पातळीच्या परीक्षेला बसवलं होतं. लिहायची मला भीती नव्हती. बोलायची होती. चार माणसांत मी मराठीतसुद्धा बोलत नाही. इथं तर रेकॉर्डिंगमधला एक पुरुष मैत्रीच्या सुरात काहीतरी विचारतो, टुंग वाजतं आणि लगेच उत्तर द्यायचं. त्याशिवाय दोन मिनिटं आपल्या भागाबद्दल आणि एखाद्या स्पॅनिश बोलणाऱ्या भागाबद्दल बोलायचं. मी आमच्याच लोकांवर बोलणार होते. विट्याकडची माणसं गलाईच्या दुकानांसाठी, म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यासाठी, देशभर पांगतात. माझे वडीलही कोइमतूरला असतात. तशीच कामाला दूर जाणारी माणसं मी दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरमध्ये शोधून काढली होती.

एप्रिलपासून काकांचं येणं वाढलं. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, बाग तेच बघतात. मी शेडमध्ये गेले की त्यांना तिथंच पान्हा नाहीतर दोरी सापडेनाशी व्हायची. एकदा मी मध्येच थांबले, तर कापडाच्या पलीकडे त्यांच्या चपला दिसल्या. चपला हलत नव्हत्या.

घरी आल्यावर काकी माझ्या हातातल्या फोनकडे बघायची. "कुणाचा गं आवाज येत हुता? गडी माणूस बोलल्यागत वाटलं."

"रेकॉर्डिंग आहे काकी. अभ्यासाचं."

"आसंल," काकी म्हणाली. त्या एका शब्दात तिनं माझं काहीच मानलं नव्हतं.

मला वाटलं, ह्यांना माझ्यावर मुलाचा संशय आहे. मी फोनचं कुलूप बदललं, आवाज बारीक केला आणि दबक्या आवाजात बोलायला लागले. त्यामुळे ते आणखीनच वाईट दिसत असणार, हे मला तेव्हा कळलं नाही. आई म्हणाली, "जपून वाग. परीक्षा पुण्याला, भल्या सकाळी. गाडी भावजींकडं. ते न्हाई म्हणाले तर काय करशील?" वडिलांनी फोनवर काकांना न्यायला सांगितलं होतं. काका म्हणाले होते, "बघू."

आमच्याकडे "बघू" म्हणजे बहुतेक वेळा नाही.

परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा काका कापड बाजूला करून सरळ आत आले. मी फोन पाठीमागे घेतला.

"आता लपवू नगं," ते म्हणाले. "सरळ सांग. तुझा बाप कुठं दुकान घालतोय?"

मला प्रश्नच कळला नाही.

"माझ्याफुडं येडं घेऊ नगं. तुझ्या आज्यानं तेलगू शिकलं, मग दुकान घातलं. दादा तमिळ शिकला, मग कोइमतूर. आपल्याकडं उगंच कोण भाषा शिकतंय व्हय? तू काय बोलतीस ते मला कळत न्हाई, पण विटा म्हणतीस, तासगाव म्हणतीस, कोइमतूर म्हणतीस. मी कान देऊन ऐकलंय."

"ते आपल्याबद्दलच आहे काका, पण..."

"मग? आपल्याबद्दल त्या बाप्याला कशाला सांगायचं? परदेशात दुकान घालायचं तर भांडवल लागतंय. दादाची निम्मी बाग हाय. इकून मोकळा हुईल. मी बारा महिने ह्या येलीत राबतोय, मला शेवटी कळायचं!"

इतके दिवस मी भलत्याच आरोपाची उत्तरं तयार करत होते. मुलाबद्दल विचारलं असतं तर माझ्याकडे चार वाक्यं पाठ होती. बागेबद्दल एकही नव्हतं.

त्यांनी तिथूनच वडिलांना फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून आधी हसू ऐकू आलं, मग, "आरं कसलं दुकान? पोरीची परीक्षा हाय." काकांनी फोन ठेवला. "आधी हसला," ते मला म्हणाले. "उत्तर मागनं दिलं."

खोटं कशाला सांगू, तेवढ्यापुरतं मलाही ते हसू लांबल्यासारखं वाटलं.

मग मी जे कुणासमोर कधी केलं नव्हतं ते केलं. रेकॉर्डिंग लावलं. त्या पुरुषानं विचारलं, टुंग वाजलं, मी उत्तर दिलं. सरावाप्रमाणे शेवटी हसलेसुद्धा. काका जाळ्यांच्या गठ्ठ्यावर बसून माझ्याकडे नाही, फोनकडे बघत होते.

"ह्यो तुझं ऐकतोय का?"

"नाही."

"मग हसलीस कशाला त्याच्याशी?"

"तसं मोकळं बोललं तर मार्क जास्त मिळतात."

"न ऐकणाऱ्या माणसाशी हसायचं मार्क?" ते उठले. "चल, मीच येतो पुण्याला. बघू दे तरी कसली परीक्षा हाय ती."

मला न्यायला ते तयार झाले की माझ्या मागावर येत होते, हे मी ठरवू शकले नाही. दोन्हीसाठी गाडी एकच होती.

परीक्षेत माझा आवाज पहिल्या उत्तराला कापला, नंतर सरळ झाला. हेडफोनमधला माणूस काकांपेक्षा बराच सोपा होता. बाहेर आले तर काका गाडीला टेकून दोन-तीन पालकांशी बोलत उभे होते.

"समद्यास्नी इचारलं," गाडी सुरू करताना ते म्हणाले. "एकाचंबी तिकडं दुकान न्हाई. एक बाई तर म्हणाली, पोरगं परत कधी ही भाषा बोलणारबी न्हाई. लय इचित्र लोक." साताऱ्यात चहाला थांबल्यावर हळूच म्हणाले, "मी इचारत हुतो ते दादाला सांगू नगंस."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. पेपर कसा गेला, हे त्यांनी विचारलं. मी म्हणाले, बरा गेला, बोलले मी. ते खूश झाले. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "तू आत असताना काका कुणाशी बोलत होता का गं? बागेचं काय काढलं का त्यानं कुणाजवळ?"

काकी पलीकडे भाजी निवडत होती. तिचे हात थांबले होते.

"मी आत होते पप्पा," मी म्हणाले. "मला काय माहीत."