दुधनाकाठचा शुक्रवारचा फेरा

टायरातला बाभळीचा काटा काढायला बसावं, तर त्याच्या शेजारी दुसरा निघतो आणि दुसऱ्याच्या खाली तिसरा! आमच्या सेलूच्या सायकलवाल्या मंडळींचे किस्से असेच आहेत. एक सांगायला घेतला की पुढचा टोचतोच.

मंडळी तीनच. माझ्या भिंतीला भिंत लागून राहणारे नरहरराव; कचेरीपुढं बसून लोकांचे अर्ज उर्दूत लिहून द्यायचे. दुसरे शाळेतले मास्तर. तिसरे दवाखान्यातले कंपाउंडर. निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची. सकाळी तिघं सायकली काढायचे, दुधना नदीच्या काठानं जायचे, शिंदीच्या बनातून वर निघायचे आणि वालूरच्या रस्त्यानं गोल फिरून जेवायला घरी. मला सायकल येत नव्हती. पण शेजारी कुठं जातो, काय करतो, हे कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. म्हणून मी मास्तरांच्या कॅरिअरवर!

याच फेऱ्यापायी नरहररावांच्या लेकीचं, कमलचं, वालूरला ठरलेलं लग्न मोडायला आलं होतं. ते सांगतोच. आधी बाकीचं ऐका.

*

नरहररावांना सायकलीवर बसता यायचं, ती चालवता यायची, उतरता मात्र यायचं नाही! पाय टेकायला ओटा लागायचा. एकदा काठावरच्या वाडीत मारुतीचा पार दिसला, पण पारावर माणसं बसलेली. नरहरराव पाराभोवती फिरायलेत आणि ओरडायलेत, "सरका! सरका!"

लोक उठले, पण सरकले नाहीत. हात जोडून उभे राहिले!

एक म्हातारी म्हणाली, "लय कडक नवस दिसतोय बाबाचा. सायकलीवरून प्रदक्षिणा!"

शेवटी कंपाउंडरांनी धावत जाऊन हँडल धरलं, तर म्हातारी त्यांच्यावरच खवळली, "अरं मुडद्या, पुरी तरी होऊ दे त्याची!"

*

मास्तरांच्या चाकात काटा घुसला. कंपाउंडर म्हणाले, "काळजी करू नका. इलाज आहे." पिशवीतून त्यांनी काय काढावं? कापूस, टिंक्चर आणि दवाखान्यातली चिकटपट्टी! ट्यूब पुसली, टिंक्चर लावलं, वरून पट्टी मारली, हवा भरली. आणि चाक टिकलं की हो! मी थक्क.

पुढं नदीचा उतार आला. मास्तर सायकल पाण्यात घालणार, तोच कंपाउंडर ओरडले, "पट्टीला पाणी लागू द्यायचं नाही!"

बिचाऱ्या मास्तरांनी सायकल डोक्यावर घेतली. मी विचारलं, "आणि माझं काय?"

"तुम्ही जखमी नाही. चालत या!"

*

एकदा लख्ख उन्हात रस्त्यात पोलिसाचा जवान आडवा झाला.

"बत्ती कां है?"

मास्तर म्हणाले, "जवानसाब, अब्बी तो दिन है."

"तो? रात कू येइच सायकल चलाते ना तुम?"

 आम्ही तिघं खाली उतरून उभे. मागून नरहरराव आले. त्यांना थांबता येईना. मान ताठ, नजर समोर, घामाघूम, तसेच सरळ निघून गेले! आता गोळीच घालतो की काय, म्हणून मी मास्तरांच्या मागं दडलो. तर जवानानं टाचा जुळवून कडक सलाम ठोकला.

मग आमच्याकडं वळून दबक्या आवाजात म्हणाला, "जो रुकता नै, वो बडा अफसर होइंगा!"

*

आता शिंदीचं बन. झाडाझाडाला ताडीसारखी शिंदी उतरवायची मडकी टांगलेली. आम्ही कुणीच कधी तोंड लावलं नव्हतं, देवाशपथ! पण एकदा नरहरराव थांबण्यासाठी एका झाडाला टेकायला गेले, झाड हाललं आणि वरचं मडकं त्यांच्या डोक्यावर पालथं! टोपीपासून धोतरापर्यंत शिंदीच शिंदी. तसेच घरी आले, तर दारात कोण? कमलच्या होणाऱ्या सासऱ्यांचा गडी, निरोप घेऊन आलेला!

त्यानं नाक मुरडून विचारलं, "राव, मालकाला काय सांगू?"

"सांग, अंगावर सांडली."

"होय जी," गडी म्हणाला, "तोंडात मावंना झाली म्हंजी अंगावर सांडतीच की!"

*

कमलचे सासरे वालूरचे तात्या. मोठे शिस्तीचे. त्यांच्या घरात चहासुद्धा बंद! त्यांचा निरोप आला, "शिंदीबनातून फिरणाऱ्याच्या घरची पोरगी आमाला नको."

नरहरराव खचलेच. कमलच्या आईनं अन्न सोडलं. कमल रडायची ते मला भिंतीतून ऐकू यायचं. अखेर मास्तरांनी उलट निरोप धाडला, "एक शुक्रवार आमच्यासोबत फिरा, आणि मग काय ते ठरवा."

तात्या आले, पण आपल्या तट्टावर बसून. सायकलीकडं बघून म्हणाले, "लोखंडाचा काय भरवसा? जनावर बरं. इमानी असतं."

आमचं ठरलेलं होतं: आज बनाकडं फिरकायचंच नाही. वाट फुटते तिथं सायकली डावीकडं, शेतातल्या गाडीवाटेला वळल्या. मी कॅरिअरवर उलटा बसलेलो, तात्यांवर नजर ठेवायला. बघतो तर तट्टू उजवीकडं वळलेलं!

तात्यांनी लगाम ओढला, टाचा मारल्या, शिव्या दिल्या. तट्टू ऐकेना. दुडक्या चालीनं थेट बनात!

आम्ही मागं धावलो. नरहरराव रडकुंडीला आले, "गेलं! आता हेही माझ्याच माथी येणार!"

तट्टू एका झाडाखाली जाऊन आपणहून थांबलं. झोपडीतून शिंदीवाली बाई ओंजळीत जोंधळे घेऊन आली. आमच्याकडं तिचं लक्षच नव्हतं. तट्टाच्या तोंडापुढं ओंजळ धरून लाडानं म्हणाली, "आलास का रं हिऱ्या? मालकाला म्हणावं, बसा नेहमीच्या जागेला. मडकं उतरायलेत."

 माझा आ वासलेला तो वासलेलाच!

तात्या सावकाश खाली उतरले. कोट झटकला. पागोटं नीट केलं. मग नरहररावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"व्याहीबुवा, मुहूर्त जरा लवकरचाच काढा!"