आधी दगड हलवा

आमच्या घरात पाच खुर्च्या आहेत आणि त्यांतल्या एकीवरही पाहुण्याला बसता येत नाही. खिडकीजवळची वेताची खुर्ची आत्याची. तिच्या शेजारची आत्याच्या विणकामाची आणि उशीची. जेवणाच्या टेबलापाशी तीन आहेत, त्यांतली एक डगमगते, एक आत्याची आणि एक माझी. पाहुणा आला की दिवाणाच्या कडेला टेकतो, आणि आत्या त्याच्याकडे अशी बघते की चहा यायच्या आत तो उठतो.

आत्या मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर होती. नोकरी संपली, पण रेक्टरपण काही अंगातून उतरलं नाही. पुढची शेगडी तिची, बाल्कनीतली वरची दोरी तिची, फ्रिजचा मधला कप्पा तिचा. दारामागे पिशव्या अडकवायला खिळे आहेत, ते रिकामे असले तरी तिथे काही टांगायचं नाही, कारण तिच्या मनात ते कशासाठी तरी राखून ठेवलेले असतात. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासतो. ‘हे नीट दिसतं की ते?’ असं दिवसभर शांतपणे विचारणारा माणूस आहे मी, पण घरी आलो की माझंही डोकं फिरतं. माझं म्हणून एकच तर टेबल आहे, हॉलच्या कोपऱ्यातलं. त्यावर रेडिओ, बारीक स्क्रूड्रायव्हर आणि जुन्या फ्रेमांचे डबे. तिथे कोणी साधी किल्ली ठेवलेली मला खपत नाही, पण ती गोष्ट वेगळी. एवढा कोपरा तर माणसाला हवाच.

चाळिशी उलटल्यावर माझं लग्न ठरलं. होणारी बायको फिजिओथेरपिस्ट आहे. मान आखडली म्हणून तिच्याकडे गेलो आणि तिथेच अडकलो. पहिल्यांदा घरी आली, ती कोणी काही बोलायच्या आत सरळ वेताच्या खुर्चीवर जाऊन बसली. आत्या स्वयंपाकघराच्या दारात हातात ट्रे घेऊन उभी.

ती बसलेली बसलीच, वर पाठ जरा मागेपुढे करून म्हणाली, ‘आत्या, ह्या खुर्चीने पाठ दुखत नाही का हो तुमची?’

‘अजिबात नाही,’ आत्या म्हणाली. पुढे ती जाईपर्यंत आत्या उभीच राहिली. मी ‘बस ना’ म्हटलं की म्हणे, ‘कुठे?’

खाली तिला सोडायला गेलो तेव्हा तिने गाडीची किल्ली हातात धरून मला थांबवलं. ‘तुझी आत्या मला आवडली,’ ती म्हणाली. ‘खरंच सांगतेय. पण लग्न करून मी ह्या घरात आले तर बसणार कुठे? तेवढंच सांग. दिवाणाच्या कडेला मी जन्म काढणार नाही.’ ती हसत नव्हती. लग्नाच्या नोंदणीची तारीख घ्यायला जाण्याआधी उत्तर हवं, असं सांगून ती गेली.

वेगळं घर करणं मला शक्य नव्हतं. आईवडील गेल्यावर मला आत्यानेच वाढवलं, तेही हॉस्टेलच्या मागच्या दोन खोल्यांत, नोकरी सांभाळून. तिला एकटी टाकून कसं जायचं? आणि तिला ‘खुर्ची सोड’ म्हणायची माझी छाती नव्हती. मग मला एक शक्कल सुचली. हिला राज्य करायला दुसरं काहीतरी द्यावं, म्हणजे घरावरची पकड सैल होईल. मी माशांची काचेची चार फुटी टाकी घ्यायचं ठरवलं.

टाकी कुठे ठेवायची ह्यावरून दोन दिवस वाजलं. मी म्हणालो, खिडकीजवळ. आत्या म्हणाली, तुझ्या टेबलाच्या जागी. मी म्हणालो, काहीतरीच काय! शेवटी टाकी हॉलच्या मधोमध आली आणि तिला वळसा घालून आम्ही दोघं जाऊ लागलो.

माशांच्या दुकानात आत्या पर्स पोटाशी धरून, तपासणीला आल्यासारखी शिरली. तिला आफ्रिकेतल्या तळ्यांतले सिक्लिड मासे आवडले, कारण ते रंगीत होते आणि, तिच्या शब्दांत, ‘डोळ्याला डोळा देऊन बघत होते.’ दुकानदार मवाळ माणूस होता. त्याने विचारलं, ‘पहिलीच टाकी का, मॅडम? घरचं पाणी कसंय?’

‘जड,’ आत्या म्हणाली. ‘किटलीत पांढरे थर बसतात.’

‘मग फारच छान. ह्यांना असंच पाणी लागतं.’

आमच्या नळाला आयुष्यात पहिल्यांदा कोणी चांगलं म्हणत होतं. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते पाणी तिनेच घडवून आणलं होतं. टाकी माशांविना काही आठवडे नुसती फिल्टर लावून चालवायची, हे त्याचं म्हणणंही तिला पटलं. ‘रंग दिल्यावर वास जाईपर्यंत खोलीत मुली ठेवायच्या नसतात,’ ती म्हणाली.

आठवडे सरले आणि आम्ही पुन्हा गेलो. खरी मुलाखत तेव्हा झाली. आत्या एकेका काचेसमोर उभी राहून विचारू लागली. हा खातो काय? रात्री दुसऱ्यांना झोपू देतो का? पूर्वीच्या टाकीतून का काढला? तिला एक सोनेरी मासा, एक पंखवाला, एक शेपूटवाला असं प्रत्येक जातीचं एकेक हवं होतं. दुकानदार कळवळला. ‘नाही हो! सोनेरी मासा ह्यांच्यात टाकला तर संध्याकाळपर्यंत त्याची शेपूट राहणार नाही. पहिल्या टाकीला हे लॅब जातीचे पिवळे घ्या, आणि हे गंजाच्या रंगाचे. त्यातल्या त्यात शांत. नर एखादा आणि माद्या जास्त. आणि चार-दोन नेऊ नका, जरा भरगच्च ठेवा.’

‘भरगच्च? भांडतील ना!’

‘थोडे असले तर एकालाच धरून मारतात. गर्दीत राग वाटला जातो.’

आत्याने मान डोलवली. हॉस्टेलच्या मेसचा अनुभव तिच्या पाठीशी होता. सगळं सुरळीत पार पडलं असतं, पण निघताना तिची नजर कोपऱ्यातल्या एका माशावर पडली. पिवळा, अंगावर काळे पट्टे, पट्टे अगदी पट्टीने आखल्यासारखे सरळ.

‘हा किती नीटनेटका आहे,’ आत्या म्हणाली.

‘तो ऑरेटस. नको, मॅडम. लहानपणी गोड दिसतो, पण फार जड जातो.’

‘माझ्या हाताखालून कसल्या कसल्या मुली सरळ होऊन गेल्यात, तुम्हाला कल्पना नाही.’

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. ऑरेटस आमच्याबरोबर घरी आला.

त्याला आत्याने ‘साहेब’ नाव ठेवलं. साहेबाने पहिल्याच दिवशी सगळ्यांत मोठ्या दगडाखालची कपार घेतली. मग शेजारची घेतली, ती त्याला लागत नव्हती तरी. आठवडाभरात डावी अर्धी टाकी त्याची झाली, आणि उरलेले मासे फिल्टरच्या नळीशी एका ओळीत, दिवाणाच्या कडेला बसलेल्या पाहुण्यांसारखे तरंगू लागले. त्यातली एक लहान पिवळी जरा पुढे आली की साहेब तिला असा हाकलायचा की वाळू उडायची. हळूहळू तिची शेपूट कातरल्यासारखी झाली.

मला तर उकळ्या फुटत होत्या. ‘काय हा मासा!’ मी मोठ्याने म्हणायचो. ‘स्वतःला नको असलेली जागाही दुसऱ्याला देत नाही. कुठून शिकला कोण जाणे!’ आधी आत्या साहेबाला काचेवर बोट आपटून दम द्यायची. मग तेही थांबलं. ती वेताच्या खुर्चीतून नुसती त्या पिवळीकडे बघत राहायची.

एका सकाळी तिने स्वतः जाळी घेतली. बाही वर करून, पाणी अंगावर उडवून घेत तिने साहेबाला पकडला, झाकणाच्या बादलीत घातला आणि मला म्हणाली, ‘चल. बदली झाली ह्याची.’

दुकानदाराने बादलीत डोकावून ‘मी म्हटलं होतं’ म्हणायचं टाळलं, म्हणून मला तो आणखी आवडला. त्याने साहेबाला मोठ्या टाकीत सोडलं आणि बदल्यात चार नवीन पिवळ्या माद्या पिशवीत भरल्या. पिशवीला गाठ मारता मारता तो म्हणाला, ‘एक करा मात्र. ह्यांना सोडण्याआधी आतले दगड हलवा. सगळे. एकही जुन्या जागी ठेवू नका.’

‘का?’ आत्याने विचारलं.

‘जुन्यांच्या जागा ठरलेल्या असतात हो. नवीन कोणी आलं की ते विचारतात, तू कोण? दगड हलवले की जुन्यांनाही घर नवीनच. सगळेच जागा शोधत फिरतात. मग नव्याला कोण कशाला विचारतंय?’

आत्या पिशवी धरून तशीच उभी राहिली. रस्त्यावर आल्यावर बोलली. ‘मी दर वर्षी नवीन मुलगी जुन्यांच्या खोलीत नेऊन सोडायची. म्हणायची, घ्या हिला सांभाळून. दाराजवळची खाट तेवढी उरलेली असायची. किती मुली पहिल्या आठवड्यात न्हाणीघरात जाऊन रडायच्या. मी म्हणायची, होईल सवय.’ तिने पिशवी पोटाशी धरली. ‘खाटाच हलवायच्या होत्या रे. मला कोणी सांगितलंच नाही.’

घरी येऊन आम्ही दगड हलवले.

त्या रात्री मी माझ्या होणाऱ्या बायकोला फोन केला. जागेचं उत्तर माझ्याकडे अजून नव्हतं, पण माशांची सगळी हकिगत सांगितली. ऐकून ती म्हणाली, ‘तारीख घे. पण मी विचारलेलं विसरले नाहीये.’

नोंदणी कार्यालयात आत्याने साक्षीदार म्हणून ठसठशीत सही केली आणि ‘मी पुढे होते, तुम्ही सावकाश या’ म्हणून रिक्षा पकडली. आम्ही बाहेर जेवून, दुपार कलताना घरी पोहोचलो. दार उघडलं आणि मला वाटलं आपण चुकून भलत्याच मजल्यावर आलो.

काहीच जागेवर नव्हतं. दिवाण खिडकीखाली होता. फ्रिज स्वयंपाकघरातून बाहेर आला होता. दारामागचे खिळे उपटलेले, भिंतीला नुसती भोकं. शेजारच्या घरातले दोन दांडगे मुलगे घाम पुसत बाहेर पडत होते. हॉलच्या मध्यभागी टाकीतले मासे शांतपणे फिरत होते, आणि शेजारी आत्या साडीचा पदर खोचून उभी होती. एकही खुर्ची दिसत नव्हती.

माझी नजर कोपऱ्याकडे गेली. कोपरा रिकामा होता.

‘माझं टेबल कुठाय?’ मी ओरडलो. ‘माझ्या टेबलाला हात कोणी लावला? रेडिओ? फ्रेमांचे डबे? सगळं घर पालथं घाला, पण माझ्या कोपऱ्यात लुडबुड करायची काय गरज होती?’

बायको माझ्याकडे बघत होती, मग टाकीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

‘आत्या,’ ती म्हणाली, ‘ह्याला दुकानात परत घेतील का हो?’

‘विचारलं असतं,’ आत्या म्हणाली, ‘पण एवढी मोठी बादली नाही आपल्याकडे.’

दोघी इतक्या हसल्या की आत्याला भिंतीला धरावं लागलं. डोळे पुसून तिने आतल्या खोलीकडे बोट केलं. ‘खुर्च्या तिथे रचून ठेवल्यात, ह्याच्या टेबलाशेजारी. पहिली तू घे, आणि तुला वाटेल तिथे ठेव. मग मी घेईन. हा सगळ्यांत शेवटी.’

बायको आत गेली आणि नेमकी वेताची खुर्ची उचलून घेऊन आली. तिने ती टाकीसमोर ठेवली, बसली, पाठ मागेपुढे केली आणि म्हणाली, ‘दुखतेच हो हिने, आत्या.’

‘दुखते गं,’ आत्या म्हणाली. ‘आणली तेव्हापासून दुखतेय. पण उठले असते तर दुसरं कोणी बसलं असतं ना!’

मग ती स्वतःसाठी खुर्ची आणायला आत गेली. मी अजून उभाच होतो.