तारामतीबाईंची वरची खोली

बरकतपुऱ्यात आमच्या समोरच्या घरात तारामतीबाई राहतात. वय पासष्टच्या पुढचं, आवाज मात्र अजून चाळिशीतला. उदगीरकडच्या शेतकरी घरातली मुलगी लग्न होऊन हैदराबादेत आली. नवरा वीज खात्यात होता, तो वारला. मुलगा गौतम पुण्याला नोकरीला गेला आणि आता महिन्यातून एकदा फोनवर ‘तब्येत सांभाळ’ म्हणून मोकळा होतो. उरलं ते खाली दोन खोल्यांचं घर आणि वर एक खोली. त्या वरच्या खोलीची ही हकीगत आहे, आणि ती सांगताना माझं डोकं तापतं, हे आधीच सांगून ठेवते.

बाई ती खोली परदेशातून शिकायला आलेल्या मुलींना देत. सुदानची एक होती, येमेनची एक होती. गल्लीला हे रुचलं नाही. कॉलनीचे सेक्रेटरी चार माणसं घेऊन आले आणि म्हणाले, ‘असल्या लोकांना ठेवलं तर आमच्या लेकीबाळींचं काय?’ बाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. ‘खोली माझी, किराया मी घेते, तुमच्या पोटात कायकू दुखायलंय?’ असं विचारून त्यांनी दार लावून घेतलं. सेक्रेटरी आजही त्यांच्या घरावरून जाताना पलीकडचा फुटपाथ धरतात. बाई भांडायला कुणाच्या बापाला भीत नसत. म्हणूनच मला त्या एका दुपारचा जास्त राग येतो.

चार वर्षांपूर्वी त्या खोलीत नीमा आली. टांझानियाची, उंच, हसरी, सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी. आमच्याकडेही चपातीला चपातीच म्हणतात, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं आणि बाईंच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. वर्षभरात ती हैदराबादी बोलायला लागली, ‘नक्को’ आणि ‘हौ’ सकट. बाईंना मावशी म्हणायची. बाईंचे गुडघे धरले की रात्री खाली येऊन तेल चोळायची, आणि बाई मला सांगायच्या, ‘गौतमला जे जमलं नाही ते ही करायलीय.’

ती ज्या खाजगी विद्यापीठात शिकत होती त्याचं नाव घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, सगळीकडे तोच प्रकार. तिथल्या आंतरराष्ट्रीय विभागाचे प्रमुख डॉ. सौरभ पुण्याहून आलेले. बाईंना ‘काकू’ म्हणायचे, मराठी जेवणासाठी हक्कानं घरी यायचे, आणि पुरणपोळी खाता खाता त्यांचं मराठी सुधारायचे. ‘करायलीय नाही काकू, करतेय.’ बाई हसून आणखी तूप वाढायच्या.

परदेशी पाहुणा आला की आपल्याकडे त्याला काही शिकवायचं नसतं, त्याचा सत्कार करायचा असतो. युरोपातल्या एका विद्यापीठातून दोन आठवड्यांसाठी काही मुलं आली होती. रोज व्यासपीठ, रोज दीपप्रज्वलन, रोज शाल. त्यातली एक बिचारी प्रयोगशाळा बघायला मागत होती, पण प्रयोगशाळेची किल्ली ज्यांच्याकडे होती ते व्यासपीठावर होते. या समारंभांत नीमालाही काम दिलं होतं. तिला साडी नेसवून शालींचं तबक धरायला उभं केलं होतं. पेपरात फोटो आला त्यात तबक होतं, तबक धरणारे हात होते, चेहरा कापलेला होता. तिपटीनं फी भरून चार वर्षं इथं शिकणारी मुलगी पाहुणी नव्हे, आणि दोन आठवडे शाली गोळा करणारी पाहुणी, असा आमचा अतिथीधर्म. मात्र ‘आमच्याकडे इतके परदेशी विद्यार्थी’ असा आकडा विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात छापताना नीमा पहिल्या रांगेत मोजली होती.

त्याच युरोपीय विद्यापीठाशी करार होणार होता. त्यांची मुलं इकडे येणार, इथली दोन मुलं सहा महिने तिकडे जाणार, सगळा खर्च त्यांचा. तिथल्या प्रयोगशाळेत क्षयाच्या जंतूंवर मोठं काम चालतं. नीमाला नेमकं तेच शिकायचं होतं. तिच्या गावच्या दवाखान्यातून तपासणीचे नमुने लांबच्या शहरात जातात, उत्तर यायला आठवडे लागतात, आणि तिचा थोरला भाऊ त्या उत्तराची वाट बघतच गेला. ही गोष्ट तिनं बाईंना एकदाच सांगितली होती, पोळ्या लाटताना, मान वर न करता. वर्गात ती पहिली होती. त्यामुळे दोनातली एक जागा तिची, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

पण इथे माशी शिंकली. सौरभ म्हणाले, ‘योजना आपल्या मुलांसाठी आहे काकू. ती तर आधीच बाहेरून आलीये.’

‘मग तुमच्या पुस्तकात तिला कायकू मोजली?’

‘तो वेगळा विषय आहे.’

म्हणजे मोजायच्या वेळी परदेशी म्हणून आत, आणि पाठवायच्या वेळी परदेशी म्हणून बाहेर. दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे. बाई त्या दिवशी विद्यापीठात जाऊन तमाशा करायला निघाल्या होत्या. नीमानंच त्यांना थांबवलं. पण बाईंनी पिच्छा सोडला नाही. रोज सौरभना फोन, रोज तेच. शेवटी सौरभ म्हणाले, ‘काकू, करारावर सह्या करायला तिकडच्या प्रोफेसर बाई येतायत. त्यांना एक भारतीय घर बघायचंय. तुमच्याकडे जेवण ठेवू. सगळं नीट पार पडलं की मी नीमाचं बघतो, शब्द देतो. फक्त त्या वेळी तिला समोर आणू नका. त्यांना वाटेल आपण तिच्यासाठी वशिला लावतोय, उगाच गोंधळ होईल.’

शब्द देतो म्हणणाऱ्याच्या हातात सहसा दुसरं काही नसतं, हे बाईंना कळायला हवं होतं. एरवी कळलंही असतं. पण माणूस दुसऱ्यासाठी मागायला लागला की भोळा होतो. त्यांनी नीमाला सांगितलं, ‘दोन तास वरच थांब बेटा. तुझ्याच भल्याचं आहे.’ नीमा ‘हौ मावशी’ म्हणाली. त्या दिवशी सकाळी पोळ्या मात्र तिनंच लाटल्या.

पाहुण्या बाई मार्ग्रेट नावाच्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, साध्या. पाटावर बसायला त्रास होत होता तरी बसल्या. सौरभ प्रत्येक पदार्थाचा इतिहास सांगत होते, बराचसा बनवून. मी मदतीला आले होते आणि स्वयंपाकघरात पापड तळत होते, मधल्या दारातून सगळं दिसत होतं. मार्ग्रेटबाईंनी दुसरी पुरणपोळी मागितली आणि इतकी पातळ कशी जमते, असं विचारलं. सौरभ म्हणाले, ‘हे आमच्या काकूंच्या हातचं कसब.’ बाईंनी पाहुणीला आणखी तूप वाढलं.

मग मार्ग्रेटबाईंची नजर जिन्याकडे गेली. पायरीवर नीमाच्या चपला होत्या. त्यांनी तारामतीबाईंनाच विचारलं, सोप्या इंग्रजीत, सावकाश, की वर कोण राहतं, एखादी विद्यार्थिनी का? इतकी वर्षं भाडेकरूंशी बोलून बाईंना तेवढं इंग्रजी चांगलं समजत होतं. त्यांनी सौरभकडे पाहिलं. सौरभनी नकाराची मान इतकी हळू हलवली की मला ती दिसली याचंच नवल वाटतं.

‘नो,’ बाई म्हणाल्या. ‘नोबडी. रूम एम्प्टी.’

गल्लीतल्या चार पुरुषांना दारातून हाकलणारी बाई एका मान हलवण्यापुढे नमली. माझ्या कढईतला पापड काळा झाला.

पाहुणे गेले. संध्याकाळी सौरभचा फोन आला, सह्या झाल्या, जेवण अप्रतिम होतं, काकू तुम्ही ग्रेट आहात. बाईंनी लगेच विचारलं, ‘आता नीमाचं?’

सौरभ म्हणाले, ‘हे बघा काकू, मार्ग्रेटबाई गाडीत विचारत होत्या, तुमच्याकडे बाहेरच्या देशाची कोणी हुशार मुलगी असेल तर तिलाही घेऊ म्हणून. पण मी काय सांगणार? तुम्हीच त्यांना म्हणालात की वर कोणी राहत नाही. चपला बघूनही म्हणालात. आता तीच मुलगी मी पुढे केली आणि तिचा पत्ता तुमचाच निघाला, तर आपण दोघं खोटे ठरू. पुढच्या वर्षी बघू.’ पुढच्या वर्षी नीमा इथे नसणार, तिचं शेवटचं सत्र चालू होतं, हे त्यांना ठाऊक होतं. गरज सरो आणि वैद्य मरो. आमच्या बाईंच्या तोंडाला पानं पुसून त्यांनी फोन ठेवला.

बाईंनी ताट वाढलं. चार पोळ्या, वरून तूप, कटाची आमटी, पापडसुद्धा नवा तळला. गुडघे धरून एकेक पायरी चढल्या. मी मागोमाग होते, पडतील म्हणून. नीमा पलंगावर बसून पुस्तकं दोरीनं बांधत होती. बॅग भरून झाली होती. दार दुपारभर उघडंच असणार; जिन्यातून खालचं बोलणं तिथं स्पष्ट ऐकू येतं.

‘बेटा, मी तुझ्यासाठीच...’ बाईंनी ताट पुढे केलं.

‘आप झूट नै बोले मावशी,’ नीमा म्हणाली. रागानं नव्हे, समजूत घालावी तसं. ‘कल से कमरा खालीच है. अंबरपेठ में सहेली के पास जारी मैं.’

बाई ताट धरून उभ्याच होत्या. नीमानं ते त्यांच्या हातातून घेतलं, त्यांना पलंगावर बसवलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसून सगळं जेवली. अन्नावर राग काढायची पोर नव्हती ती. मग उठली, ताट धुतलं, पुसलं आणि बाईंच्या हातात परत दिलं. घरच्या माणसाला आपल्याकडे कोणी आभार मानत नाही, आणि चार वर्षांत तिनंही कधी मानले नव्हते.

‘थँक यू, आंटी,’ ती म्हणाली.