शेवंतीची तिसरी कळी

सुएको आकुत्सुला कुणी "जाऊ दे गं" म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. गावातल्या देवळाच्या अंगणात दर हेमंतात शेवंतीचं प्रदर्शन भरतं, तिथे ती वर्षानुवर्षं कुंड्या नेत होती, आणि दर वर्षी तिची कुंडी मागच्या रांगेत, कुंपणाला टेकून. पुढची रांग बक्षीसवाल्यांची. बायका म्हणायच्या, "सुएको-सान, हौसेची गोष्ट ती, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" ती हसायची आणि घरी येऊन भांडी जरा जास्तच जोरात आपटायची.

या वर्षी मात्र रोप असं आलं होतं की बघत राहावं. एका बुंध्यातून तीन दांडे, प्रत्येकावर एकच फूल, तिन्ही सारख्या आकाराची आणि एकाच दिवशी फुललेली, असा या खेळाचा नियम. त्यासाठी बाजूच्या सगळ्या कळ्या खुडायच्या आणि शेंड्याची तेवढी राखायची. सुएकोच्या बोटांचे सांधे आता सुजायला लागले होते, भरलेली कुंडी उचलवत नव्हती. मोठ्या कुंड्यांचं हे शेवटचं वर्ष, असं तिनं ठरवून टाकलं होतं. म्हणूनच एकदा तरी पुढची रांग.

पितरांच्या दिवसांत ती माहेरी सेंदाईला दोन दिवस गेली. जाताना नवऱ्याला, तोकुजीला, बजावलं, "अहो, मांजराला खायला घाला, हौदातल्या माशांकडे बघा, आणि शेवंतीला पाणी. बाकी कशाला हात लावू नका."

तोकुजी जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला. आता दक्षिणेकडच्या उन्हाच्या खोलीत त्यानं खेळण्यातल्या आगगाडीचं अख्खं गाव मांडलं होतं, बोगदे, पूल, स्टेशनावर चिमटीएवढी माणसं. माणूस भला, पण मदत करण्याची खोड वाईट. मधल्या दांड्यावर, शेंड्याच्या कळीला खेटून, सुएकोनं अडीअडचणीला म्हणून एक जादा कळी ठेवली होती. तोकुजीला वाटलं, ही राहिली वाटतं खुडायची. त्यानं ती ओढली, आणि तिच्याबरोबर शेंडाही कट्‌कन हातात आला.

सुएको परतली, चपला काढायच्या आधी कुंड्या ठेवलेल्या फळीशी गेली, आणि तिथेच थांबली.

"मामेनं केलं," तोकुजी पाठीमागून म्हणाला. "फळीवर चढली होती. मी हाकललं, पण..."

मामे ही त्यांची म्हातारी, लठ्ठ, काळी मांजर. उशीवर चढायचं तरी आधी विचार करायची. फळी कमरेएवढी उंच. सुएकोनं तुटलेल्या दांड्याकडे पाहिलं. नखाची चिमूट स्पष्ट दिसत होती. त्या घरात रीतच होती, बोलायचं ते सरळ न बोलण्याची. तिनं मांजराला मांडीवर घेतलं आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय गं मामे, या वयात उड्या? वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच हो, बाई."

तोकुजी पेपरात आणखी खोल घुसला.

दुसऱ्या दिवशी शेवंती मंडळाचे अध्यक्ष इगाराशी-सान आले. मान हलवत म्हणाले, "खाली एक कळी आहे, पण मोहरीएवढी. वेळेवर फुलायची नाही. जाऊ दे. तुमची दुसरी कुंडी बरी आहे, ती आणा."

झालं. "हीच आणीन," सुएको म्हणाली. "तिसरं फूल मिटलेलं राहिलं तरी हीच."

कळीला ऊब हवी आणि दिवसभराचं ऊन. असं ऊन घरात एकाच खोलीत. ती खोलीच्या दारात उभी राहिली, बोगद्यांकडे आणि पुलांकडे पाहिलं, आणि एरवी कधी सरळ न बोलणारी बाई आज सरळ बोलली.

"हे काढा. मला ही खोली हवी."

तोकुजी पेचकस घेऊन गुडघ्यांवर बसला आणि रूळ सोडवायला लागला. अर्धं गाव खोक्यात गेल्यावर, पाठ वळवूनच म्हणाला, "मामे नव्हती. मी होतो."

"माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते!" तिचा आवाज चिरकला. "कळी तुटल्याचं दुःख आहेच हो. पण एवढी वर्षं एका छपराखाली राहून तुम्हाला माझी भीती वाटली आणि मुक्या जनावराच्या नावावर ढकललंत, त्यानं जास्त लागलं मला." आणि ती रडली, चांगली हुंदके देऊन. तोकुजीनं पेचकस खाली ठेवला, तिच्याकडे वळून कपाळ चटईला टेकवलं आणि माफी मागितली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"पुरे झालं, उठा," ती डोळे पुसत म्हणाली. "कुंडी आत आणा."

मग रोजचं झालं. ऊन खोलीत जिकडे सरकेल तिकडे तोकुजी कुंडी सरकवी, संध्याकाळी शेगडी पेटवी, आणि बाकीच्या दोन कळ्यांनी घाई करू नये म्हणून सुएको त्यांना कागदी टोप्या घाली. कळी वाटाण्याएवढी झाली, मग बोराएवढी, आणि तिथून मात्र हट्टाला पेटल्यासारखी हलेना.

प्रदर्शनाच्या सकाळी दोन फुलं पूर्ण फुललेली, ताटाएवढी, पांढरीशुभ्र. तिसरं अर्धवट मुठीसारखं. परीक्षक यायला वेळ होता. एक ओळखीचे म्हातारे माळीबुवा जवळ येऊन कुजबुजले, "दुसऱ्या कुंडीतलं फूल कापा, सळीनं इथे बसवा. पानांआड दिसत नाही. कितीजण करतात!"

तोकुजीचे डोळे चमकले. "मी धावत जाऊन आणतो. सुएको, आणू?"

एक क्षण तिला वाटलं, हो म्हणावं. पुढची रांग समोर दिसत होती. शेवटचं वर्ष होतं.

"नको," ती म्हणाली. "ते या रोपाचं फूल नाही. ही कळी एवढी झगडतेय, आणि मी तिच्या जागी दुसरीला उभं करू?"

परीक्षक आले, दोन फुलांपाशी थबकले, तिसऱ्याकडे पाहून पुढे गेले. कुंडी मागच्या रांगेत, कुंपणाला टेकून. सुएकोनं मान खाली घातली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज देवळात जाऊ लागली. बक्षिसं वाटून झाली, गर्दी ओसरली. एका पावसाळी सकाळी तोकुजीही बरोबर आला. अंगणात दुसरं कुणीच नव्हतं. तिसरं फूल उघडलं होतं. पहिली दोन अजून कोमेजायची होती. तिन्ही सारखी, सारख्या उंचीवर, एकही पाकळी इकडची तिकडे नाही. उद्या पहिलं झुकणार हे दोघांनाही कळत होतं.

सुएको छत्रीखाली उभी राहून खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "फुलली बघा, तिन्ही."

"हं," तोकुजी म्हणाला.

"हिच्या मुळाशी नवे कोंब येतील. ते वेगळे करून लावायचे. पुढच्या वर्षी याच रोपाची लेक."

"अगं, तुझे हात? शेवटचं वर्ष म्हणालीस ना?"

"दुखू देत हात. कुंडी तुम्ही उचलायची," ती म्हणाली. "चला, उचला, घरी न्यायची आहे."