बिनऔषधाचं मलम

आमच्या त्वचारोग विभागातल्या सिस्टरला पेशंट पाठीमागे ‘आगलावी’ म्हणतात. कातडीच्या कॅन्सरवरचं मलम ती स्वतः समोर बसून लावून घेते. तिसऱ्या आठवड्यात चेहरा लालबुंद होतो, सोलवटतो, माणसं हातापाया पडतात; पण ही बधत नाही. जळतंय म्हणजे औषध आत मुरतंय, एवढंच सांगते. लोकांना वाटतं, बाईला काळीज नाही. मला मात्र तिच्या काळजाचीच भीती वाटते. ते मी पाहिलंय. मी इथे मलमं तयार करतो.

आठ वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या भावाच्या गालावर हाच आजार निघाला. अगदी वेळेत सापडला होता. सहा आठवडे मलम लावलं की भागलं असतं. आईवडलांच्या मागे याच दादाने तिला शिकवलेलं. अठराव्या दिवशी तो आरशासमोर ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी ती माझ्या खिडकीशी आली आणि औषध न घातलेलं नुसतं मलम मागितलं, त्याच डबीत, तेच लेबल लावून. चार दिवस कातडीला विसावा, म्हणाली. नियम मला तोंडपाठ होता. तरी मी डबी भरून दिली, वर चेष्टाही केली की आता निदान शिव्या तरी खाव्या लागणार नाहीत.

चार दिवसांचे चाळीस झाले. गाल गुळगुळीत दिसू लागला आणि दादा बहिणीच्या हाताचा गुण गावभर सांगत सुटला. खरं मलम पुन्हा सुरू करायचा तिला धीर होईना. डॉक्टरांना तिने कोर्स पूर्ण झाल्याचं सांगितलं. मीही गपचूप डबी भरत राहिलो. आजार आतल्या आत पसरत होता. दोन वर्षांत गाल गेला, मग डोळा गेला.

तो गेला त्याआधीच्या आठवड्यात तिने त्याला सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं गं. जळत नव्हतं ना. म्हटलं, तू सिस्टर आहेस, चालत असेल म्हणूनच लावत असशील.”

हे तिने मला एकदाच सांगितलं. आता प्रत्येक डबी ती खिडकीशी उघडते आणि विचारते, यात औषध आहे ना? मी हो म्हणतो. तिचा विश्वास बसत नाही. माझाही.