स्वल्प आग

नव्वदच्या दशकात मी पुण्याहून बंगळुरूला आले आणि इंदिरानगरमधल्या एका छोट्या सल्लागार कंपनीत लागले. मोठ्या इमारतीत आग लागली तर धूर कुठे आणि किती वेगाने जाईल, हे कॉम्प्युटरवर मांडून बघायचं, हे माझं काम. धूर छताला थडकतो, तिथे साचतो आणि त्याचा थर खाली उतरू लागतो. तो डोक्यावर यायच्या आत माणसं बाहेर पडली पाहिजेत. गणित एवढंच.

व्हाइटफील्डला एक ऑफिसची इमारत उभी राहत होती. मध्ये काचेच्या छताचा उंच चौक, आणि सगळ्यात वरच्या गॅलरीत कँटीन. माझ्या गणितात तिथे जेवायला बसलेली माणसं जिना गाठायच्या आतच धुरात सापडत होती. छताशी धूर ओढणारे पंखे हवेतच, असं मी स्पष्ट लिहिलं. मालकाला पंखे नको होते. काचेची शोभा जाते म्हणे!

आमचे साहेब बंगळुरूत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या मराठी घरातले; बोलण्यात कानडी मिसळायचे, थोडं म्हणजे 'स्वल्प' आणि ठीक म्हणजे 'सरी'. माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "अक्का, ती आग स्वल्प कमी कर की. मग सगळं सरी होतंय."

"सर, आग काय आपल्याला विचारून लागते?"

"अगं, स्वल्पच!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी साफ नाही म्हटलं. मग साहेबांनी स्वतःच कॉम्प्युटरमधला आगीचा आकडा बदलला. कॉम्प्युटर म्हणजे नंदीबैल, त्याने मान डोलावली. धूर शहाण्यासारखा वरच थांबला आणि नकाशातून पंखे गेले.

उद्घाटनाला चौकात होम होता. समिधा ओल्या असाव्यात. धूर सरळ वर गेला, काचेखाली पसरला आणि बघता बघता कँटीनमध्ये उतरला. वर फराळाला बसलेले पाहुणे खोकत, डोळे पुसत जिन्याकडे धावले. त्यांत साहेबही होते. मी त्यांना जिन्यातच गाठलं.

"स्वल्पच आग आहे, सर."

ते भराभर खाली उतरले. खाली मालक उभा होता. मला वाटलं, आता तरी पंख्यांचा विषय निघेल. मालक नाकाला रुमाल लावून हसला, म्हणाला, "पुढच्या वेळी होम बाहेर करू."

"सरी, सरी," साहेब म्हणाले.

सोमवारपासून त्या गॅलरीत लोक जेवायला बसू लागले.