पिशोरचा चौक

जुलै लागला की मुकुंदवाडीत अतुल दांडग्याच्या सायकलच्या दुकानात संध्याकाळी चौघं जमायची. मागच्या भिंतीवर टीव्ही, त्यावर फ्रान्सची शर्यत. तीन आठवडे चालणारी, डोंगरदऱ्या पालथ्या घालणारी. परदेशी नावं कडुबाकाकांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून त्यांनी सगळ्या स्वारांचं बारसं केलं होतं. लांब टांगांचा तो बगळा. दोन वर्षं लागोपाठ जिंकलेला तो सरकार. आणि नवा, घाट दिसला की पेटणारा तो ठिणगी.

"औंदा बगळाच," कडुबाकाका म्हणायचे. एसटीत तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस. "उतारावर कसा बसतो बघा. आपली जुनी लाल गाडी बी अशीच बसायची."

"काका, शेवटच्या आठवड्यात ठिणगी तुमच्या बगळ्याला रडवतो का नाही बघा," मेघा म्हणायची. ती अतुलची मावसबहीण, बँकेत होती. ऑफिसातून परस्पर दुकानात यायची.

अतुल सरकारच्या बाजूचा. आणि राजेंद्र साळवे कुणाचाच नाही. त्याचा जीव होता सरकारच्या पुढं राबणाऱ्या एका दाढीवाल्यावर. काकांनी त्याचं नाव हमाल ठेवलं होतं. वारा अंगावर घ्यायचा, धन्याला पाठीमागं आडोशाला ठेवायचं, पाण्याच्या बाटल्या आणून द्यायच्या, आणि घाट तोंडावर आला की थकून मागं पडायचं.

"अरे, तो कधी जिंकायचा नाय," काका म्हणायचे.

"नाही तर नाही. पण त्याच्याबिगर सरकार जिंकतो का, ते सांगा," राजेंद्र म्हणायचा, आणि तासभर बोलत राहायचा. एरवी चिकलठाण्याच्या कारखान्यात दिवसभर दहा शब्द बोलेल की नाही, असा हा माणूस.

याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. राजेंद्र स्वतः अतुलचा हमाल होता. दर जानेवारीत चाळिशीपुढच्यांची तीन दिवसांची शर्यत निघायची, जोडी-जोडीनं. तीन दिवसांचा वेळ मिळून ज्याचा सगळ्यात कमी, तो विजेता. सहा वर्षं राजेंद्र पुढं वारा फोडत होता आणि अतुल त्याच्या मागं. दोनदा अतुल जिंकलाही. राजेंद्रला त्याचं काही वाटलं नाही. अतुल उंच घाटातला, आपण सपाटीवरचे. ज्याचं काम त्यानं करावं, असा त्याचा हिशेब.

सहाव्या वर्षी दुसऱ्या दिवसाचा टप्पा कन्नडहून घाट चढून पिशोरला संपणार होता. पिशोर राजेंद्रचं गाव. त्याचा बाप तिथल्या बाजारात आयुष्यभर दुसऱ्यांची पोती वाहून गेला. आई पारूबाई अजून तिथंच, बुद्धविहारामागच्या घरात. सकाळी कन्नडला चहा पिताना अतुल आपण होऊन म्हणाला, "राजा, आज पिशोरच्या चौकात तू पुढं. काल मला पुरेशी आघाडी मिळालीय. तुझं गाव आहे, तूच जिंकायचं."

राजेंद्रला आधी कळलंच नाही. "मी?"

"तू नाय तर कोण? सहा वर्षं ओढतोयस मला."

राजेंद्रनं बाजूला जाऊन फोन लावला. "माय, चौकात येऊन थांब. दहाच्या सुमारास."

घाटात राजेंद्रनं जीव तोडून ओढलं. माथ्यावर बाकीचे सगळे मागं सुटले होते. उतार सुरू होताना अतुलनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "शेवटचं तुझं, बरं का."

चौकात कमान होती. वस्तीतली पोरं हलगी घेऊन आली होती. आणि कमानीच्या पल्याड पारूबाई, शेजारच्या भागूबाईच्या खांद्याला धरून उभी. पन्नास हातांवर राजेंद्रनं पाय सैल केला, हँडल सोडून ताठ बसला. आयुष्यात पहिल्यांदा. आईला दिसावं म्हणून. तेवढ्यात उजव्या बाजूनं साखळीचा करकर आवाज आला आणि अतुल त्याच्या अंगाजवळून सपकन पुढं गेला.

एका चाकाच्या फरकानं.

हलगी वाजतच राहिली. वाजवणाऱ्यांना कोण जिंकलं ते लगेच समजलं नाही.

"राजा, आईशप्पथ, पायच ऐकेनात रे," सायकल आडवी टाकून अतुल म्हणाला. "रेषा दिसली अन् पळत सुटले."

राजेंद्र हसला. खरंच हसला. शर्यतीतल्या माणसाचे पाय त्याला माहीत होते. आईपाशी जाऊन म्हणाला, "माय, दम संपला माझा. तो ताकदीचा आहे." आईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

पुढं अतुलला एका मोठ्या सायकल कंपनीची एजन्सी मिळाली. दुकानावर नवी पाटी आली. आत पिशोरच्या चौकातला फोटो लागला, दोन्ही हात वर केलेला अतुल. त्या फोटोचा खिळा राजेंद्रनंच ठोकला होता.

मग जुलै आला, आणि तिसऱ्या आठवड्यातला तो टप्पा. सरकारची आघाडी आता कुणी मोडणार नव्हतं. शेवटच्या घाटात सगळे गळाले आणि पुढं दोघंच उरले, सरकार आणि हमाल. कडुबाकाका खुर्चीच्या कडेला येऊन बसले. हमालाच्या दाढीवर मिठाचे पांढरे ओघळ सुकले होते. रेषा जवळ आली. सरकारनं हमालाच्या पाठीवर हात ठेवला, त्याला पुढं ढकललं आणि स्वतः ब्रेक दाबला.

हमाल जिंकला. रेषेपुढं जाऊन रस्त्याकडेला बसला आणि लहान मुलासारखा रडला.

"वा रे पठ्ठे!" काकांनी मांडीवर थाप मारली. मेघाच्या डोळ्यांत पाणी आलं. राजेंद्र टीव्हीकडं बघत होता, आणि दुकानात कुणीच त्याच्याकडं बघत नव्हतं.

अतुलला ते बघवेना. "येडेपणा आहे," तो म्हणाला. "शर्यत काय प्रसाद आहे का वाटायला?"

"हां, तुझी गोष्ट वेगळी होती, दादा," मेघा सहज बोलून गेली. तिला वाटलं, ती त्याची बाजू घेतेय. "तुला पिशोरला जिंकणं भागच होतं. कंपनीची माणसं तिथं येणार होती ना? आदल्या दिवशी फोनवर तूच मला म्हणालास, उद्या फोटो माझाच निघाला पाहिजे."

बोलून झाल्यावर तिनं राजेंद्रकडं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिला वाटत होतं, राजूदादाला सगळं माहीत असेल. जोडीदार ना दोघं.

"आदल्या दिवशी?" राजेंद्रनं विचारलं.

अतुलनं रिमोट उचलला, आवाज कमी केला. "अरे तसं नाय, राजा. ऐक तर."

राजेंद्रनं ऐकलं नाही. म्हणजे आदल्या दिवशी ठरलं होतं, आणि सकाळी चहावर 'तुझं गाव आहे' म्हणताना ते ठरलेलंच होतं. घाटात त्यानं ढिलं ओढू नये म्हणून दिलेला तो शब्द होता. बैलाला दाखवलेली पेंढी. तो उठला, भिंतीला टेकवलेली सायकल घेतली आणि निघाला. काका मागून "राजेंद्र, अरे राजेंद्र" करत राहिले.

दोन दिवसांनी अतुल घरी आला. राजेंद्रच्या बायकोनं, सरितानं, पाणी दिलं आणि ती आत गेली नाही, दारातच उभी राहिली.

"वहिनी, तुम्ही तरी सांगा याला," अतुल म्हणाला. "दुकान बुडायला आलं होतं. एजन्सी मिळाली नसती तर शटर पाडावं लागलं असतं. पुढच्या जानेवारीत तिन्ही दिवस राजाचे. मी ओढतो त्याला."

"मी मागितलं होतं का?" राजेंद्र म्हणाला.

"काय?"

"पिशोर. मी मागितलं होतं का तुला? तू म्हणाला असता, राजा, दुकान अडचणीत आहे, आज मला जिंकू दे, तर मी तुला पाठीवर बसवून नेलं असतं. मी मागितलं नव्हतं, अतुल. तू देतो म्हणालास. मी मायला बोलावलं."

अतुल उठला. पाण्याचा ग्लास तसाच ठेवून गेला.

रविवारी राजेंद्र पिशोरला गेला. आईसमोर बसून त्यानं सगळं सांगितलं. माझा दम संपला नव्हता, माय, मी तुला खोटं बोललो.

पारूबाई शेंगा निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. "मला तव्हाच दिसलं व्हतं," ती म्हणाली. "तू मान वर करून माझ्याकडं बघत व्हता. अन् तो तुझ्याकडं बघत व्हता."

"मंग बोलली का नाय?"

"तुझा दोस्त व्हता ना त्यो. म्हनलं, कशाला दोस्ती मोडा."

राजेंद्र त्या जानेवारीत उतरला नाही. अतुलनं दुसरा जोडीदार केला, आणि म्हणे तिसरा आला. रस्त्यात समोरासमोर आले की दोघं मान हलवतात, इतकंच. राजेंद्र सायकल चालवतो, पण एकटा, आणि मागं कुणाच्या चाकाचा आवाज आला की बाजूला होऊन त्याला पुढं जाऊ देतो.

यंदा जुलैत कडुबाकाका दुकान सोडून त्याच्या घरी येऊ लागले. सरिता चहा ठेवते, दोघं मोबाईलवर शर्यत बघतात.

"औंदा कोण रे?" काका विचारतात.

"बघू," राजेंद्र म्हणतो.

काका वाट बघतात. आधी या प्रश्नाला त्याच्याकडं तासभराचं उत्तर असायचं.